शेजारी झोपणाऱ्यालाच कळणारा आजार: स्लीप ॲप्निया

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा सध्या लग्नघरापासून ऑफिसातल्या डब्याच्या वेळेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. टिर्झेपाटाइड हे त्यांतलं एक औषध. भारतात ते ‘मौंजारो’ या नावानं मार्च २०२५मध्ये आलं. त्याआधी, डिसेंबर २०२४मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामकांनी याच औषधाला लठ्ठपणाच्या जोडीनं आणखी एका आजारासाठी मान्यता दिली होती. तो आजार म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हापुन्हा अडणं. हे नाव आपल्याकडच्या अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते फेब्रुवारी २०२२मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या मुंबईतल्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणांत हे नाव घेतलं होतं.

नाव परकं असलं तरी आजार घरोघरी आहे. ‘एम्स’च्या संशोधकांनी देशात झालेल्या वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून २०२३मध्ये एक अंदाज मांडला. कामाच्या वयातल्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा त्रास असावा, आणि त्यांतल्या ४ कोटी ७० लाखांचा त्रास मध्यम किंवा तीव्र असावा. यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही, कारण ज्याला हा आजार असतो तो त्या वेळी झोपलेला असतो.

घशात नेमकं होतं काय?

नाकाला हाडाचा आधार असतो. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात. या दोहोंच्या मध्ये, जिभेच्या आणि पडजिभेच्या मागे, जो घशाचा भाग आहे तो मात्र निव्वळ मांसल नळी आहे. आपण जागे असतो तेव्हा तिथले स्नायू ती नळी ताणून उघडी ठेवतात. झोप लागली की सगळ्या अंगाबरोबर तेही सैलावतात.

रसवंतीत कागदी स्ट्रॉ देतात, ती जरा भिजली की काय होतं ते आठवा. रस वर येईना म्हणून आपण जोरानं ओढतो आणि स्ट्रॉ आणखीच चपटी होते. घशाचंही तसंच. नळी थोडी आक्रसली की आत जाणाऱ्या हवेनं टाळू आणि पडजीभ थरथरतात, ते घोरणं. नळी पुरती चिकटली की हवा बंद. छाती-पोट श्वास ओढायचा जिवापाड प्रयत्न करत असतात, पण आत काही जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. शेवटी मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, झोप क्षणभर मोडतो, स्नायू ताठ होतात आणि मोठा आवाज करून श्वास सुटतो. माणूस कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. थोड्या वेळानं तेच पुन्हा.

श्वास असा दहा किंवा त्याहून जास्त सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. तीव्र आजारात अर्धा मिनिट, कधी मिनिटभरसुद्धा श्वास थांबतो. तासाला असे चाळीस झटके येत असतील आणि माणूस सात तास झोपत असेल, तर रात्रभरात झोप २८० वेळा मोडली. पण प्रत्येक जाग इतकी निसटती असते की सकाळी त्यातली एकही आठवत नाही. आठवतं एवढंच की दहाला आडवा झालो आणि सहाला उठलो. मग दिवसभर अंग का जड आहे, हे त्याला कळणार कसं?

या आजाराचा आणखी एक प्रकार आहे, त्यात घसा उघडाच असतो पण श्वास घेण्याचा हुकूमच मेंदूकडून सुटत नाही. हृदय कमकुवत झालेल्यांत किंवा अफूजन्य वेदनाशामकं घेणाऱ्यांत तो दिसतो. त्याचे उपचार वेगळे आहेत, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

मग घोरणारा प्रत्येक जण आजारी समजायचा का?

नाही. सर्दीत, दमल्यावर, उताणं झोपल्यावर पुष्कळ जण घोरतात आणि त्यांचा श्वास कुठेही अडत नाही. फरक ओळखायचा तो घोरण्याच्या लयीवरून. साधं घोरणं एकसुरी चालतं. ॲप्नियात आवाज चढत जातो आणि एकदम थांबतो. शेजारच्याला वाटतं, बरं झालं, शांत झोप लागली. नेमक्या त्याच वेळी दिवा लावून पोटाकडे बघावं. पोट आणि छाती वर-खाली होत असतात, पण नाकाशी बोट धरलं तर हवा लागत नाही. काही सेकंदांनी घुसमटल्यासारखा मोठा आवाज येतो, अंग हिसका देतं आणि घोरणं पुन्हा सुरू होतं. हे दिसलं तर मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचं चित्रण करून ठेवावं. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं, आणि ‘मी कुठे घोरतो’ हा वाद जागच्या जागी मिटतो.

दिवसाच्याही खुणा असतात. वर्तमानपत्र उघडलं की पेंग, लोकलमध्ये बसल्याबरोबर डोळा, सिग्नलला गाडी थांबली तरी मान खाली. सकाळी तोंडाला कोरड आणि डोकं जड. चिडचिड, विसराळूपणा. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं हीसुद्धा एक खूण आहे. बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. शरीराला वाटतं, रक्तात पाणी जास्त झालंय, आणि ते लघवीवाटे काढून टाकणारं संप्रेरक सुटतं. अनेक पुरुष हा त्रास प्रोस्टेटच्या नावावर टाकून मोकळे होतात. दोन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तरीसुद्धा झोपेची चौकशी व्हायलाच हवी.

शरीराच्या ठेवणीत मानेचा घेर पाहतात. शर्टाची कॉलर सतरा इंचांच्या आसपास किंवा त्याहून मोठी लागत असेल तर शक्यता वाढते. पण ‘मी कुठे जाड आहे?’ हा आक्षेप पुरेसा नाही. हनुवटी मागे असलेल्या, जबडा लहान असलेल्या सडपातळ माणसांतही हा आजार आढळतो. शिवाय आपल्याकडे तुलनेनं कमी वजनालाच पोटावर आणि मानेत चरबी साठते.

बायकांच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते. त्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात: झोप लागत नाही, सारखा थकवा, डोकेदुखी, उदास वाटणं. मग हिमोग्लोबिन तपासलं जातं, थायरॉइड तपासलं जातं, आणि दोन्ही ठीक निघालं की ‘घरच्या कामाचा ताण’ म्हणून विषय संपतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये या आजाराचं प्रमाण बरंच वाढतं. त्यात बाईनं घोरणं म्हणजे लाजेची गोष्ट. लग्नकार्यात सगळ्या जणी हॉलमध्ये गाद्या टाकून झोपतात तेव्हा एखादी काकू ‘मला झोपच येत नाही गं’ म्हणत रात्रभर भिंतीला टेकून बसते. तिच्या घोरण्याबद्दल तिला कुणी प्रेमानं विचारलेलंच नसतं.

‘झोपच तर आहे, एवढं काय त्यात?’

श्वास कोंडला की शरीर दर वेळी जिवावर बेतल्यासारखं वागतं. ॲड्रिनलिन उसळतं, नाडी धावते, रक्तदाब चढतो. रात्रभर हे चालतं आणि वर्षानुवर्षं चालतं. एरवी झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला विसावा मिळतो. तो विसावाच हिरावला जातो. म्हणून या रुग्णांत उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित लय, पक्षाघात आणि टाइप २ मधुमेह जास्त आढळतो.

दुसरा धोका रस्त्यावरचा. उपचार न झालेल्या ॲप्नियात गाडी चालवताना अपघात होण्याची शक्यता कितीतरी वाढते. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. न वळण, न सिग्नल, अशा सरळ रस्त्यावर डुलकी लागायला निरोगी माणसालाही वेळ लागत नाही. रात्री झोप मोडत राहणाऱ्या चालकाच्या हाती तिथे चाक असणं ही त्याच्या एकट्याची गोष्ट राहत नाही. ट्रक, ट्रॅव्हल्स, टॅक्सी चालवणाऱ्यांची डोळ्यांची तपासणी होते तशी झोपेची विचारपूसही झाली पाहिजे, असं मला फार वाटतं.

निदान कसं करतात?

त्यासाठी स्लीप स्टडी ही तपासणी आहे. रुग्णालयात एक रात्र झोपायचं. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला चिकटवलेल्या तारांवरून झोपेची अवस्था कळते. नाकाखालची बारीक नळी हवेची ये-जा मोजते, छाती-पोटावरचे पट्टे श्वासाची धडपड टिपतात, बोटाची क्लिप प्राणवायू बघते. कुठेही टोचाटोची नाही. ‘एवढ्या तारांत मला झोप येणारच नाही’ असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. नेहमीसारखी येतही नाही, पण निदानापुरती बहुतेकांना येते. लक्षणं स्पष्ट असतील आणि हृदय-फुप्फुसाचे मोठे आजार नसतील तर कमी तारांचं यंत्र घरी आणूनही ही तपासणी होते.

अहवालात एक आकडा महत्त्वाचा: तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला. पाचपेक्षा कमी म्हणजे ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र.

कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर दिवसा बोटाला लावून ९८ दिसले, म्हणजे ॲप्निया नाही असं होत नाही. जागेपणी प्राणवायू व्यवस्थितच असतो. मनगटावरची स्मार्ट घड्याळं आता इशारा देऊ लागली आहेत. त्यांचा इशारा मनावर घ्यावा, निदान मात्र त्यांच्यावर सोडू नये.

सीपॅप म्हणजे काय, आणि तो ऑक्सिजन असतो का?

मध्यम आणि तीव्र आजारावरचा मुख्य उपचार म्हणजे सीपॅप. खाटेजवळ ठेवायचं लहानसं यंत्र, त्याला नळी, नळीला नाकावर बसणारा मास्क. यंत्र खोलीतलीच हवा गाळून थोड्या दाबानं आत सोडतं. पेशंटला ऑक्सिजन लागला, असं नातेवाइकांत पसरतं आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. तसं काही नसतं. चपट्या होणाऱ्या स्ट्रॉमध्ये दुसऱ्या टोकानं हलकी फुंकर धरून ठेवली तर ती मिटत नाही, एवढंच यामागचं तत्त्व.

ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८०मध्ये पहिल्या रुग्णावर हे करून पाहिलं, व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी जोडून. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. त्याआधी तीव्र रुग्णापुढे खात्रीचा एकच मार्ग होता, गळ्याला भोक पाडून तिथून श्वास घ्यायचा. तो काळ डोळ्यांसमोर आणला की आजच्या मास्कची कटकट मला सुसह्य वाटते.

कटकट आहे, हे मात्र खरं. माझ्या सासऱ्यांना मशीन आणलं तेव्हा दुकानातून आलेल्या माणसानं चेहऱ्याचं माप न घेता मधल्या आकाराचा मास्क लावून दिला. नाकाच्या वर व्रण पडला, कडेनं हवा सुटून डोळ्यांत जायची, आणि ते पहाटे कधीतरी मास्क काढून ठेवायचे. पट्टे आवळले की हवा आणखीच सुटायची. शेवटी डॉक्टरांनी नुसत्या नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क दिला आणि दाब हळूहळू चढेल असं यंत्रात लावून दिलं. संध्याकाळी बातम्या बघताना थोडा वेळ मास्क लावून बसायची सवय केली, तशी रात्रीची धास्ती गेली. नाक कोरडं पडत असेल तर हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी यंत्राला जोडता येते. नाक चोंदत असेल तर आधी त्याचा उपचार करावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांत असे बारीकसारीक बदल कोण करून देणार, हे मशीन घेण्याआधीच विचारून घ्यावं. पुष्कळ मशीन्स कपाटात जातात ती याच आठवड्यांत.

वीज गेली तर गुदमरायला होईल का? नाही. मास्कला हवा बाहेर जायला छिद्रं असतात आणि बंद पडताच माणूस जागा होऊन मास्क काढू शकतो. तोंडही झाकणाऱ्या मोठ्या मास्कला अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. भारनियमनाच्या भागात बहुतेक यंत्रं घरच्या इन्व्हर्टरवर चालतात.

खर्च हा खरा अडसर आहे. यंत्र साधारण तीस ते साठ हजारांत येतं, मास्क अधूनमधून बदलावा लागतो. शहरांत ते भाड्यानं मिळतं. सोसतंय का बघायला आधी भाड्यानं घेणं शहाणपणाचं.

सीपॅपमुळे हार्ट अटॅक टळतो का?

इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. भारतासह सात देशांतल्या हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या सुमारे २,७०० रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. सीपॅप दिलेल्यांत पुढचे हृदयविकाराचे किंवा पक्षाघाताचे झटके कमी झाले नाहीत. मात्र दिवसाची पेंग कमी झाली, मन आणि जगणं सुधारलं. त्या अभ्यासात माणसं सरासरी रात्री ३.३ तासच मास्क लावत होती आणि फार पेंग येणारे रुग्ण मुळातच घेतले नव्हते, त्यामुळे वाद संपलेला नाही. म्हणून हृदयाची हमी म्हणून सीपॅप घेऊ नये. रक्तदाब त्यानं थोडा उतरतो, त्याच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. दिवसा जागं राहता यावं, डोकं चालावं, गाडी चालवताना डोळा लागू नये, यासाठी मात्र त्याचा उपयोग निर्विवाद आहे. आणि मास्क लावल्या रात्रीच तो असतो. चष्मा काढला की नंबर जसा जागच्या जागी, तसा मास्क काढला की घसा.

मशीन नकोच असेल तर?

पर्याय आहेत, पण ते कुणासाठी आहेत ते बघावं लागतं.

वजन हा पहिला. एका जुन्या दीर्घ अभ्यासात वजन १० टक्के घटलं तर श्वास अडण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्के घटलेलं आढळलं. इंजेक्शनाची मदार यावरच आहे. टिर्झेपाटाइडच्या वर्षभराच्या चाचण्यांत लठ्ठ रुग्णांचा तासाचा आकडा सुरुवातीला सरासरी पन्नासच्या आसपास होता, तो २५ ते २९नं उतरला. ही मोठी घट आहे. पण उरलेले वीस-पंचवीस हाही मध्यम आजारच, म्हणजे अनेकांना इंजेक्शनासोबत मशीन लागेलच. सडपातळ रुग्णाला या औषधाचा उपयोग नाही.

रात्रीची दारू आणि आपल्या मनानं घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी ढिले करतात. त्या दोन्ही आधी थांबवाव्यात. काहींचा त्रास उताणं झोपल्यावरच होतो. त्यांना कुशीवर झोपण्याची सवय लावली तरी बराच फरक पडतो. सौम्य-मध्यम आजारात दंतवैद्य खालचा जबडा किंचित पुढे धरून ठेवणारी पट्टी बनवून देतात. शस्त्रक्रिया आहेत, जिभेची नस चेतवणारं उपकरण बसवण्याचीही सोय निघाली आहे, पण ते निवडक रुग्णांसाठी आणि अनुभवी हातांत.

शंखाबद्दल हल्ली बरंच विचारलं जातं. जयपूरच्या संशोधकांनी २०२५मध्ये ३० रुग्णांवरचा एक अभ्यास मांडला. आठवड्यातून पाच दिवस, रोज किमान १५ मिनिटं शंख फुंकणाऱ्यांचे सहा महिन्यांनी तासाला सरासरी चार-पाच झटके कमी झाले, पेंगही कमी झाली. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, तेव्हा हे पटण्यासारखं आहे. पण अभ्यास लहान आहे. पूजेच्या वेळी जरूर शंख फुंका, तासाला चाळीस झटके असणाऱ्यानं मात्र त्यावर विसंबू नये. आणि रील्समध्ये दाखवतात तशी तोंडाला चिकटपट्टी लावून झोपणं तर करूच नका. नाक बंद असेल तर श्वासाची उरलेली वाटही आपण बुजवतो.

लहान मुलं घोरतात, त्यांचं काय?

मूल सर्दीशिवाय रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, रात्री घामेजत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. बहुतेकदा टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड वाढलेले असतात आणि ते काढले की पुष्कळ मुलांचा त्रास जातो. मोठ्यांसारखी पेंग मुलांना येईलच असं नाही. उलट ती एका जागी बसत नाहीत, अभ्यासात लक्ष देत नाहीत, म्हणून शिक्षा खातात.

कुणाकडे जायचं आणि काय सांगायचं?

आधी नेहमीच्या फिजिशियनकडे, त्यांच्या सल्ल्यानं छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. शक्यतो शेजारी झोपणाऱ्या माणसानं सोबत जावं, कारण सांगण्यासारखं सगळं त्यांच्याकडेच असतं. एकटे राहणाऱ्यांनी फोन उशाशी ठेवून रात्रीचा आवाज ध्वनिमुद्रित करावा.

पुढे कधी मोतीबिंदू असो, हर्निया असो, कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना ॲप्नियाबद्दल स्वतःहून सांगावं. भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांनी घसा आणखी सैलावतो, त्यामुळे ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री या रुग्णांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. घरचं मशीन आणि मास्क रुग्णालयाच्या पिशवीत भरायला विसरू नये.